बैलाची झूल चामड्याच्या चॅप्टरमध्ये, गोधडी फर्निचरमध्ये! कापडी सजावटीचा कस्टम कोड ठरतो तरी कसा?

पोळा जवळ आला की पिंपळनेरच्या बाजारात झुली टांगलेल्या दिसायला लागतात. लाल, हिरव्या, आरसे लावलेल्या, कडेला गोंडे सोडलेल्या. शेजारीच म्होरक्या, कासरे, घुंगरमाळा आणि बेगड. यातली एक झूल हातात घ्या आणि कुणालाही विचारा, ही वस्तू कशाची? उत्तर एकच येईल, कापडाची.

पण हीच झूल परदेशात पाठवायची म्हटलं, तर कस्टमच्या दरपुस्तकात ती कापडाच्या विभागात सापडत नाही. ती सापडते चॅप्टर ४२ मध्ये, चामड्याच्या बॅगा, पाकिटं आणि पट्ट्यांच्या शेजारी. आजीने शिवलेली गोधडी बहुतेक वेळा जाते चॅप्टर ९४ मध्ये. तिथे तिचे शेजारी कोण? खुर्च्या, टेबलं आणि दिवे.

हे वाचून पॉपकॉर्नची आठवण आली असेल. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली. खारे पॉपकॉर्न आणि कॅरमेल पॉपकॉर्न यांच्यावर वेगवेगळा कर का, याचा खुलासा तिथे झाला आणि पुढे आठवडाभर मीम्सचा पाऊस पडला. तेव्हाही मुद्दा हाच होता. साखर लागली की पॉपकॉर्न दुसऱ्या कोडमध्ये जातो.

हसण्यासारखं आहे खरं. पण ज्याला माल विकायचा आहे, त्याच्यासाठी या कोडवर नफा-तोटा अवलंबून असतो.

समजा, पिंपळनेरमधल्या एखाद्या महिला बचत गटाचं काम अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाने इन्स्टाग्रामवर पाहिलं. गणपतीच्या सजावटीसाठी ऑर्डर आली. दाराची तोरणं, मूर्तीच्या मागे लावायला भरतकाम केलेलं मोठं कापड, चार गोधड्या आणि शोभेला एक झूल. माल तयार झाला, पेटी भरली. आता फॉर्मवर काय लिहायचं? नुसतं "सजावटीचं कापड" लिहून भागत नाही. प्रत्येक वस्तूपुढे एक आकडा लागतो.

हा आकडा येतो कुठून?

जगभरातल्या मालाला एकाच पद्धतीने क्रमांक देण्याची व्यवस्था १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. तिचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टीम, म्हणजे एचएस. ती सांभाळते ब्रसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना. दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात. जीएसटीच्या बिलावर आपण जो एचएसएन कोड बघतो, त्याचं मूळ हेच.

पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, चार आकडे म्हणजे हेडिंग, सहा आकडे म्हणजे सबहेडिंग. हे सहा आकडे सगळ्या देशांत सारखे असतात. त्यापुढचे आकडे प्रत्येक देशाचे स्वतःचे. भारतात एकूण आठ आकडे वापरतात, अमेरिकेत दहा. आपल्याकडे ही यादी कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

कापडाचा विभाग चॅप्टर ५० ते ६३ असा पसरलेला आहे. रेशीम ५० मध्ये, कापूस ५२ मध्ये, गालिचे ५७ मध्ये, शिवून तयार झालेल्या घरगुती वस्तू ६३ मध्ये. मग झूल यातून बाहेर का पडली?

बाजारातल्या नावावर कोड ठरत नाही

हेडिंग ४२०१ मध्ये "कोणत्याही प्राण्यासाठीचा साज" येतो. खोगीर, लगाम, मुसकं, खोगिराखालचं कापड, अगदी कुत्र्याचा कोटसुद्धा. आणि पुढे महत्त्वाचे शब्द आहेत, "कोणत्याही साहित्याचा". म्हणजे साज चामड्याचा असो, दोरीचा असो की कापडाचा, तो इथेच. बैलाच्या अंगाच्या मापाने शिवलेली, बांधायला बंद असलेली झूल म्हणजे प्राण्याचा साज. म्हणून ती चॅप्टर ४२ कडे जाते.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतलं मंडळ ती बैलाला थोडीच घालणार आहे? भिंतीवर लावणार. पण घेणाऱ्याच्या मनात काय आहे यावर कोड ठरत नाही. सीमेवर पोहोचली तेव्हा वस्तू कशी होती आणि कशासाठी बनवलेली दिसते, हे बघितलं जातं. बंद नसलेलं, मापात न कापलेलं, वर टांगायला पट्टी शिवलेलं सरळ चौकोनी भरतकाम असेल, तर मात्र ती भिंतीची सजावट ठरू शकते. मग हेडिंग ६३०४.

या पद्धतीत अर्थ लावण्याचे सहा नियम आहेत. पहिला नियमच सांगतो की चॅप्टरचं नाव फक्त शोधायच्या सोयीसाठी आहे. निर्णय होतो हेडिंगच्या शब्दांवरून आणि विभागाच्या, चॅप्टरच्या टिपांवरून. चॅप्टर ४२ च्या नावात चामडं आहे म्हणून कापडी झूल तिथे जाऊ शकत नाही, असं नाही.

एक तोरण, पाच कोड

तोरण हा आपल्यासाठी एकच शब्द. कस्टमसाठी मात्र पहिला प्रश्न असतो, कशाचं?

- ताज्या झेंडूच्या फुलांचं असेल तर ०६०३.
- कृत्रिम फुलांचं असेल तर ६७०२.
- काचेच्या मण्यांचं असेल तर ७०१८.
- कापडाचं किंवा क्रोशाचं असेल तर ६३०४.
- लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ असेल तर ९४०५.

६३०४ हे "घरसजावटीच्या इतर वस्तूं"चं हेडिंग आहे. जागतिक संघटनेच्या स्पष्टीकरणात या हेडिंगखाली भिंतीवर लावायची कापडं येतात, आणि लग्नासारख्या समारंभांत वापरायची कापडी सजावटही येते. म्हणजे खान्देशात श्रावणात कानबाई बसवताना मागे जी कापडी आरास करतात, तिला दरपुस्तकात जागा आहे.

६३०४ च्या आतही फाटे आहेत. विणलेलं किंवा क्रोशाचं असेल तर ६३०४ ९१. मागावरच्या सुती कापडाचं असेल तर ६३०४ ९२. पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचं असेल तर ६३०४ ९३. इथे एक सापळा आहे. क्रोशासाठी दुकानात आपण "लोकर" मागतो, पण हातात येते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक. फॉर्मवर तिला लोकर लिहिलं तर ते मालाचं चुकीचं वर्णन होतं. लोकरीच्या गुंडीवरचं लेबल वाचून मग लिहा.

सुटे गोंडे विकत असाल तर त्यांचा कोड पुन्हा वेगळा, ५८०८. आणि पितळी घंटा, घुंगरू? ते ८३०६.

"पडदा" म्हटलं की महाग

ऑर्डरमधलं मोठं भरतकामाचं कापड घ्या. बोलताना आपण त्याला "मागचा पडदा" म्हणतो. कुणी इंग्रजी फॉर्मवर सरळ "कर्टन" लिहून टाकलं, तर ते जाईल हेडिंग ६३०३ मध्ये. ते हेडिंग खिडकीच्या, दाराच्या, रंगमंचाच्या पडद्यांचं आहे. मूर्तीमागे भिंतीवर लावायची शोभेची वस्तू असेल तर ६३०४. आणि कॅनव्हासवर रंगवलेलं नाटकासारखं दृश्य असेल, तर ५९०७.

पैशाने फरक किती पडतो ते बघा. अमेरिकेच्या दरपुस्तकात सुती पडद्यावर मूळ शुल्क १०.३ टक्के आहे. ६३०४ मधल्या सुती सजावटीवर ६.३ टक्के. तीच सजावट पॉलिस्टरची असेल तर ९.३ टक्के. एक लाख रुपयांचा माल धरला तर सुती "पडदा" म्हणून १०,३०० रुपये आणि सुती "भिंतीची सजावट" म्हणून ६,३००. वस्तू तीच, शब्द बदलला आणि चार हजार रुपये वाढले. २०२५ पासून अमेरिकेने लावलेली जादा शुल्कं यात धरलेली नाहीत. ती वेगळी लागतात आणि वारंवार बदलली आहेत.

हे शुल्क भरतो अमेरिकेत माल उतरवून घेणारा, म्हणजे ते मंडळ. पण अंदाजापेक्षा जास्त बिल आलं की पुढची ऑर्डर देताना मंडळ दहादा विचार करतं.

साडी "कापड" आणि उशीचं कव्हर "वस्तू"

कापडाच्या विभागात "तयार वस्तू" कशाला म्हणायचं, याची वेगळी व्याख्या आहे. शिवून जोडलेली, कडा दुमडून शिवलेली, चौकोनापेक्षा वेगळ्या आकारात कापलेली वगैरे. पैठणी नेसायला तयार असते, पण आपल्या दरपुस्तकात रेशमी साडी ५००७ मध्ये आहे, रेशमी कापडाच्या हेडिंगखाली. त्याच पैठणीचा पदर कापून उशीचं कव्हर शिवलं की ती वस्तू ६३०४ मध्ये उडी मारते.

याचा परिणाम परदेशापुरता नाही, कारण जीएसटीही याच क्रमांकांवर चालतो. रेशमी कापडावर ५ टक्के, किंमत कितीही असो. चॅप्टर ६३ मधल्या तयार वस्तूंवर २२ सप्टेंबर २०२५ पासून एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. म्हणजे वीस हजारांची पैठणी ५ टक्क्यांत, पण तिच्यापासून केलेलं तीन हजारांचं कव्हर १८ टक्क्यांत.

गोधडीच्या पोटात काय आहे?

गोधडीचा कोड तिच्या मधल्या थरावर ठरतो. वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये जुन्या साड्यांचा किंवा कापसाचा थर, असं शिवलं असेल तर ते भरलेलं अंथरूण-पांघरूण. हेडिंग ९४०४. २०२२ च्या आवृत्तीत तर अशा रजया-दुलयांसाठी ९४०४ ४० हा स्वतंत्र सबहेडिंग आला. आत काही न भरता नुसती पलंगावर टाकायची नक्षीदार चादर असेल, तर ती परत ६३०४ मध्ये येते.

जीएसटीचा २,५०० चा उंबरठा सुती रजया आणि गोधडीसारख्या वस्तूंनाही लागू आहे. २,४०० रुपयांच्या गोधडीवर कर १२० रुपये. २,६०० च्या गोधडीवर ४६८ रुपये. किंमत वाढली दोनशेने, कर वाढला ३४८ ने. दर ठरवताना नोंदणीकृत विक्रेत्याने हा हिशोब आधी करायला हवा.

दोन धागे एकत्र असतील तर?

कापडाच्या विभागाची एक टीप सांगते की मिश्र धाग्यांच्या कापडात जो धागा वजनाने जास्त, त्याचं ते कापड. वर काय चमकतं याला महत्त्व नाही.

हा वाद आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. चांपदानी इंडस्ट्रीजच्या गालिच्यांमध्ये तागासोबत पॉलिप्रॉपिलीन होतं. कंपनी म्हणत होती, वजनाने ताग जास्त आहे, म्हणून हे तागाचे गालिचे. २००९ मध्ये कोर्टाने कंपनीची बाजू मान्य केली.

२०२० मध्ये दुसरा निकाल आला, युनि प्रॉडक्ट्स या कंपनीचा. गाडीत अंथरायच्या कापडी मॅटला गाडीचा सुटा भाग म्हणायचं की गालिचा? खातं म्हणत होतं सुटा भाग, हेडिंग ८७०८. सुप्रीम कोर्ट म्हणालं गालिचा, हेडिंग ५७०३. गाडीच्या मापाने कापली तरी ती कापडी अंथरणच राहते.

मग झुलीला एक न्याय आणि मॅटला दुसरा, असं का? कारण ४२०१ मध्ये प्राण्याच्या साजाचं वर्णन "कोणत्याही साहित्याचा" असं स्पष्ट लिहिलं आहे. तर गालिचांच्या हेडिंगमध्ये मॅटचं वर्णन गाडीच्या सुट्या भागांपेक्षा नेमकं बसतं. दोन्हीकडे जिंकतं ते जास्त नेमकं वर्णन.

नेमकं वर्णनही सापडलं नाही तर? मिश्र वस्तूत जो घटक तिला तिची ओळख देतो तो बघायचा. तेही जमलं नाही तर लागू होणाऱ्या हेडिंगपैकी क्रमाने शेवटचं घ्यायचं. इतका सरळ तोडगा नियमातच लिहून ठेवला आहे.

सणाचा माल म्हणून सूट मिळते का?

चॅप्टर ९५ मध्ये ९५०५ नावाचं हेडिंग आहे, सण-उत्सवांच्या वस्तूंचं. अमेरिकेत यातल्या बहुतेक वस्तूंवर मूळ शुल्क शून्य आहे. त्यामुळे प्रत्येकाला तिथे जायचं असतं.

अमेरिकेत पार्क बी. स्मिथ नावाच्या कंपनीने टेबलावरचे रुमाल, मॅट आणि पायपुसणी आणली होती. त्यांच्यावर ख्रिसमस, हॅलोविन, ईस्टरची चित्रं. कंपनी म्हणाली, हा सणाचा माल. २००३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सणाची ठळक चिन्हं असलेल्या वस्तूंबद्दल ते मान्य केलं. पण नंतर एचएसच्या २००७ च्या आवृत्तीत टीपच बदलली. टेबलक्लॉथ, चादरी, टॉवेल, गालिचे, कपडे अशा रोजच्या उपयोगाच्या वस्तूंवर सणाचं चित्र असलं तरी त्या ९५०५ मध्ये येत नाहीत.

म्हणजे गणपतीचं चित्र छापलेली चादर ही चादरच. तोरणाचं काय? त्याला दुसरा उपयोग नसतो, म्हणून एखाद्या ठरावीक सणासाठीच ते बनवलेलं आहे हे दिसत असेल, तर ९५०५ चा दावा करायला जागा आहे. "शुभ दीपावली" भरलेलं तोरण आणि बारा महिने दारावर राहणारं आरशांचं तोरण, यांचा निकाल वेगळा लागू शकतो.

जाता जाता एक गोष्ट. ९५०५ मध्ये ख्रिसमसच्या वस्तूंना स्वतःचा सहा आकडी कोड आहे, ९५०५ १०. दिवाळी आणि गणेशोत्सव "इतर" मध्ये, ९५०५ ९०.

कोड चुकला तर?

भारतात माल आणताना शुल्काची पहिली आकारणी आयातदाराने स्वतःच करायची असते. ही पद्धत २०११ पासून आहे. कमी शुल्काचा चुकीचा कोड लावला गेला असेल, तर कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम २८ खाली साधारण दोन वर्षांपर्यंत फरकाची मागणी येऊ शकते. मुद्दाम खोटी माहिती दिली असं ठरलं, तर पाच वर्षांपर्यंत, वर दंड.

माल पाठवणाऱ्यालाही याची झळ बसते. सरकार निर्यातदाराला काही करांचा परतावा देतं, आणि तो कोणत्या योजनेतून मिळणार हे चॅप्टरवर ठरतं. चॅप्टर ६१ ते ६३ साठी एक योजना, बाकीच्या बहुतेक मालासाठी दुसरी. म्हणजे एकाच पेटीतलं तोरण एका योजनेत आणि झूल-गोधडी दुसऱ्या योजनेत.

छोट्या पार्सलचीही आता सुटका नाही. अमेरिका ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर शुल्क घेत नव्हती. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं बंद केलं होतं. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला.

मग करायचं काय?

पेटी बंद करण्याआधी प्रत्येक वस्तूबद्दल सहा प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

१. कशाची आहे? मिश्र असेल तर कोणत्या धाग्याचं वजन जास्त?
२. मागावरची आहे की विणलेली, क्रोशाची?
३. नुसतं कापड आहे की शिवून तयार वस्तू?
४. आत काही भरलं आहे का?
५. रोजचा उपयोग काय? की फक्त शोभा?
६. ठरावीक सणासाठीच आहे का, आणि ते बघून कळतं का?

मग वर्णन लिहा. "डेकोरेशन आयटम" असं नको. "सुती कापडाचं, हाताने भरतकाम केलेलं, भिंतीवर लावायचं कापड" असं लिहा. वस्तूचे आणि कापडाच्या लेबलचे फोटो जपून ठेवा. घेणाऱ्याला त्यांच्या देशातला पूर्ण कोड विचारा, कारण पहिले सहा आकडे जुळले तरी शेपूट वेगळी असते. व्यापारी निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी काढावा लागतो. टपालाने पाठवणार असाल तर डाकघर निर्यात केंद्रात कागदपत्रं करता येतात.

माल मोठा असेल आणि शंका फिटत नसेल, तर मुंबईत कस्टमचं अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. व्यवहार होण्याआधीच तिथून कोड ठरवून घेता येतो आणि तो निर्णय तीन वर्षं चालतो. वर दिलेले कोड हे समजून घेण्यासाठीचे आहेत. तुमच्या वस्तूचा अंतिम कोड तिची घडण बघूनच ठरेल.

पोळ्याच्या बाजारात झूल घेताना आपण रंग बघतो, आरसे बघतो, भाव करतो. तीच झूल सीमेवर पोहोचली की अधिकारी तिचे बंद बघतो, माप बघतो. तिथे तुम्ही हजर नसता. तुमच्या वतीने बोलतो फक्त फॉर्मवर लिहिलेला मजकूर. म्हणून तो आधीच नीट लिहायचा.